तिन्ही शून्य

मंगळवार, ४ मार्च
सकाळी ११.४०, तपासणी-खोलीच्या दारात. नर्सच्या ट्रेमध्ये दोन बाटल्या, आणि दोन्हींना फॉर्मॅलिनचा वास! नातीच्या आतड्याचे दोन कण. एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला, तो फॉर्मॅलिनमध्ये ठीक. दुसऱ्यातली पचनाची एन्झाइम मोजायची, ती फॉर्मॅलिनने मरतात — तो कोरडा हवा, बर्फावर. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत हेच केलं मी. तोंड उघडलं, तर मुलाने कोपर दाबलं. "आई, इथे नको." गप्प बसले. परवानगीशिवाय बोलायचं नाही, ही कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लावलेली सवय. आयुष्यात एकदा पाळली, तीही नको तिथे!

मंगळवार, ११ मार्च
रिपोर्ट आला. दूध पचवणारं लॅक्टेज शून्य, साखरेचं सुक्रेज शून्य, भाताचं माल्टेज शून्य.
डॉक्टर म्हणाले, "दूध बंद, साखर बंद, भातसुद्धा बंद."
मग पोरीने खायचं काय, वारा? चौदा महिन्यांची आहे. तीन महिने जुलाब. घरात अजून ढब्बी म्हणतो तिला — वजन सात किलो.
मी म्हटलं, "माल्टेज फार चिवट. आजारी आतड्यातही थोडं उरतंच. तिन्ही शून्य म्हणजे तुकडा मेलाय."
"आजी, मशीन खोटं बोलत नाही."
"नाही बोलत. घालाल तेवढंच सांगतं."

शुक्रवार, १४ मार्च
सहा किलो आठशे. सून माझ्याकडे बघते.

सोमवार, १७ मार्च
मुलगा आपणहून म्हणाला, "चल आई, तू बोल." (लिहून ठेवते. पुन्हा ऐकायला मिळेल असं नाही.) डॉक्टरांनी बाटल्यांची नोंद मागवली, वाचली. कान लाल! वॉर्डात ठेवून एकेक पदार्थ थोडा थोडा देऊन बघायचं ठरलं.

बुधवार, १९ मार्च
भात पचला. साखरही. दुधाने मात्र पुन्हा जुलाब — म्हणजे लॅक्टेज खरंच कमी दिसतंय. ठीक. दूध तूर्त बंद. ढब्बीने भाताची वाटी चाटून माझ्या चष्म्यावर आपटली. सून हसली!
नर्सविरुद्धची तक्रार लिहून तयार आहे.

गुरुवार, २० मार्च
देण्याआधी नर्सला विचारलं. जेमतेम चोवीसची पोर. घाबरली नाही, बुचकळ्यात पडली. "पण मावशी, मी सगळ्याच बाळांचे दोन्ही तुकडे असेच पाठवते. रुजू झाले तेव्हा असंच दाखवलं होतं."
रुजू होऊन दीड वर्ष झालं.
तक्रार फाडली. नवी लिहिली, नातीचं नाव न घालता: या दीड वर्षात ही तपासणी झालेली सगळी मुलं शोधा, रिपोर्ट चुकीचा असू शकतो हे प्रत्येक घरी कळवा. लेखी उत्तर सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.