डाव्या घोट्यावरचा लाल डाग

रविवार, संध्याकाळ

सुटले एकदाची! परवा केतकी गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघणार आणि आज सकाळी रडकुंडीला आली. "आई, मी नाही जात. बूट चावतोय." डाव्या घोट्यावर हा एवढा लाल डाग. स्कीइंगचे ते टणक बूट कुणाचे वापरलेले घेऊ नको म्हणून मी बजावलं होतं. असो.

दुपारी बुटाचं आतलं अस्तर काढलं, घोट्याजवळचं टणक प्लास्टिक उकळत्या पाण्यात धरलं, मग आतून बत्ता दाबून त्याला फुगवटा आणला. तरी रडगाणं तेच. फुलंब्रीहून आलेल्या जाऊबाई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पाय हाय का कापसाचं गाठोडं? लई कोंबलंय त्यात!"

मोजे! मीच विणलेले, लोकरीचे, एकावर एक दोन जोड. बर्फात जायचं तर लोकर हवीच, यापलीकडे मला मराठवाड्यात बसून काय सुचणार? ते काढून एकच पातळ मोजा घालायला लावला.

आता घरभर खाडखाड फिरतेय. खालच्या वहिनी तक्रार करून गेल्या. करू देत. डाग दोनदा पाहिला, फिकट होतोय.

लोकरीचे मोजे मात्र तिनं बॅगेत भरले. "झोपताना घालीन," म्हणाली. मी नुसतंच "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.