तू भरलेलं पाणी

प्रिय शैलाताई,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, हे आधीच कबूल करते. तू मला कधी पाहिलं नाहीस. मी तुला पाहिलंय ते फक्त दिवाणखान्यातल्या फोटोत. तरी या घरात आल्यापासून गेले दहा महिने मी मनातल्या मनात रोज तुझ्याशी भांडते आहे. आणि जिच्याशी भांडायचं तिला अहो-जाहो काय करायचं? म्हणून ‘तू’.

उद्या अविधवा नवमी आहे. तू सवाष्ण गेलीस, म्हणून तुझ्या नावानं उद्या आपल्याकडे एक सवाष्ण जेवायला येणार. तिची ओटी मी भरणार, स्वयंपाकही मीच करणार. सासूबाईंनी सकाळीच बजावून ठेवलंय, “शैलाला गवारीची भाजी लई आवडायची. अन् पुरणात जायफळ घालू नको, तिला नाय चालायचं.” मला जायफळाशिवाय पुरण गिळवत नाही. पण ते असो. मनात एवढी आढी धरून तुझ्या नावाचं पुरण वाटायचं, हे मला बरं वाटेना. म्हणून आधी लिहून मोकळी होते.

मला तुझा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही.

यांचं हे दुसरं लग्न, माझं पहिलं. अजिंठ्याजवळच्या गावातून, चाळिशीला टेकलेली मी या घरात आले, तेव्हा मला सगळंच नवीन होतं आणि यांना सगळंच माहितीचं. स्वयंपाकघरातल्या फळ्या तुझ्या उंचीच्या. साखरेचा डबा काढायला मला स्टूल लागतं, आणि स्टूल ओढल्याचा आवाज झाला की सासूबाई आतून म्हणतात, “शैलाचा हात पोचायचा.” तुझा हात कुठं कुठं पोचायचा गं?

हे सगळं मी निमूटपणे गिळलं. गिळता आला नाही तो घरामागचा तुझा स्विमिंग पूल.

ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार म्हणून बाया कान टवकारून बसतात, तिथं चिकलठाण्यात एका बाईनं घरामागं पोहायचा हौद बांधून घेतला, हे लग्न ठरताना ऐकलं तेव्हा मला वाटलं, काय ही मिजास! मग यांनी सांगितलं. डॉक्टरांनी तुझ्या पाठीसाठी पाण्यातला व्यायाम सांगितला होता. आपल्या मळ्यातली विहीर मागं शिल्लक होतीच. तू म्हणालीस, पूल बांधू, पण एकदा भरलेलं पाणी परत सोडायचं नाही. सांभाळायचं. आणि तू सांभाळलंस. पाठ नाही, पण पाणी सांभाळलंस. तू गेलीस आणि ते राहिलं.

आरोही मला मावशी म्हणते. तेराची झाली तुझी लेक. दर रविवारी सकाळी पाणी तपासायची पेटी घेऊन ती पुलाच्या पायरीवर बसते. मी आले त्याच आठवड्यात, जरा जवळीक व्हावी म्हणून, तिच्या शेजारी जाऊन बसले आणि ती काचेची नळी वरच्या वर पाण्यात बुडवून भरून दिली. तिनं ती ओतून टाकली.

“असं नाही मावशी. कोपरापर्यंत हात बुडवायचा. वरचं पाणी खोटं असतं.”

मग तिनं नळीत लाल औषधाचे पाच थेंब टाकले, झाकण लावलं, ऊन पाठीशी घेतलं आणि नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरली. “लाल पेरूच्या गराचा रंग आला की पीएच बरोबर. जांभळट झाला तर वाढलाय, पिवळा पडला तर घसरलाय.”

“कुणी सांगितलं?”

“आईच्या वहीत आहे.”

लाल पेरूचा गर! कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला हे सुचावं? मी जन्मभर पेरू खाल्ले, मला नसतं सुचलं. त्या दिवसापासून मला लाल पेरू नकोसा झालाय, खरंच सांगते.

तुझी ती निळी वही पुलाशेजारच्या, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असते. मी तिला हात लावला नाही. सवतीची वही वाचून शहाणं व्हायचं, म्हणजे कायमचं तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचं. ते मला नको होतं.

श्रावणात आठवडाभर पाऊस लागून राहिला. पूल काठोकाठ भरून वाहिला, पाला पडला, पाणी हिरवट गढूळ झालं. आरोहीची चाचणी परीक्षा चालू होती. ती म्हणाली, “रविवारी वही बघून करू.” हे कामासाठी पुण्याला गेले होते. मला रविवारपर्यंत थांबायचं नव्हतं. वही न उघडता, माझ्या अकलेनं, ते पाणी मला नितळ करून दाखवायचं होतं.

आमच्या गावी पावसाळ्यात गढूळ पाणी यायचं, तेव्हा आई हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची. सकाळपर्यंत गाळ खाली आणि वर आरशासारखं पाणी. हंडा काय नि हौद काय, मी म्हटलं. आठ किलो तुरटी आणली, वरवंट्यानं कुटली, बादल्यांत विरघळवली आणि काठाकाठानं ओतत गेले.

आणि काय सांगू, शैलाताई, तिसऱ्या दिवशी तळाच्या फरशीच्या रेघा मोजता येत होत्या. हे परत आले, मागच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “अरे वा, हे कुणी केलं?” इतक्या महिन्यांत या घरात पहिल्यांदा असा प्रश्न विचारला गेला, ज्याचं उत्तर तू नव्हतीस. “मी,” म्हणताना माझी मान किती ताठ झाली होती, ते तुला फोटोतूनही दिसलं असेल.

माझं राज्य टिकलं रविवारपर्यंत. आरोही पाण्यात उतरली आणि दोन फेऱ्यांत डोळे चोळत बाहेर आली. “मावशी, तिखट गेल्यासारखं होतंय.” तिचे डोळे लालभडक झाले होते. तिनं तशाच डोळ्यांनी नळी भरली, थेंब टाकले. रंग आला लिंबासारखा पिवळा. पायरीच्या फरशांमधलं सिमेंट मी बोटानं चाचपलं, तर त्याची वाळू हाताला लागत होती. पाणी पार आंबट होऊन बसलं होतं.

पूल बांधणारे रशीदभाई आले. त्यांनी पाण्यात हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. “भाभी, तुरटी डाले क्या? कित्ती?” मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. “अब ये पानी निकालनाच पडेंगा. नवा भर लो, झंझट नको.”

खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. वरवर मी चेहरा पाडला, पण आतून मला वाटलं, सुटले. तुझं पाणी जाईल. मी विहिरीची मोटार लावेन, मी भरेन, मग ते माझं असेल. चूक माझी, पण फळ गोड निघालं होतं. हे म्हणाले, “तुला योग्य वाटेल ते कर.” दुसऱ्या दिवशी सोडायचं ठरलं.

संध्याकाळी आरोही पायरीवर बसली होती. मागं न बघताच म्हणाली, “मावशी, पाणी सोडू नको ना.”

“अगं, खराब झालंय ते.”

“आईनं भरलंय ते.”

ती रडली नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, समजूत काढली असती. तिनं नळ्या धुतल्या, पुसल्या, पेटीत एकेक करून नीट लावल्या. अगदी तू लावायचीस तशाच असतील.

आणि मला काय वाटलं ते ऐक. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. हे पाणी तुझ्या आईचं राहिलेलंच नाही, पोरी. उन्हाळ्यात रोज बोटभर पाणी उडून जातं. गेला उन्हाळाभर दिवसाआड मीच विहिरीची मोटार लावून ते भरत आले. पावसात काठावरून किती वाहून गेलं, त्याला तर गणतीच नाही. तीन वर्षांपूर्वी तिनं भरलेलं त्यात आता कितीसं उरलं असेल? ओंजळभर? हे खरं होतं, आणि तसं बोलले असते तर मी जिंकले असते. तेरा वर्षांच्या मुलीवर.

मी आत गेले आणि तिच्यासाठी दूध तापवलं. हळद घातली. एवढंच जमलं.

सकाळी ती शाळेत गेल्यावर मी तुझी वही उघडली. चांगल्या मनानं नाही. ‘खराब झालं तर पाणी बदलावं’ असं तुझ्याच हातानं कुठं लिहिलेलं सापडलं, तर आरोहीपुढं ठेवायचं आणि मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता. तुझ्या परवानगीनंच तुला बाहेर काढायचं.

तुझं अक्षर सुंदर आहे. तेही मनाला लागलं. पहिल्या पानावर लिहिलंस, ‘आज पूल भरून झाला. चार दिवस लागले. आरोही पाणी चढताना बघत काठावर भात खात बसली.’ पुढं रविवारमागून रविवार. आणि मग मधलं एक पान दुमडून, पिन मारून बंद केलेलं. मी पिन काढली. शिकलेल्या सवतीचं बंद पान कोण सोडेल?

‘पाणी गढूळ झालं म्हणून तुरटी टाकली. एम.एस्सी. केमिस्ट्री, आणि आईसारखी तुरटी! पीएच साफ घसरला. आरोहीचे डोळे लाल. तिला सांगितलं शाम्पू गेला असेल. यांना काही सांगितलं नाही. वर्गात हेच शिकवते मी. लाज वाटते.’

मोटारीच्या खोलीत, ओल्या जमिनीवर मी फतकल मारून बसले आणि हसत सुटले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. तूसुद्धा? एवढी पुस्तकं वाचलेली तू, आणि पाणी गढूळलं की तुलाही आधी तुझ्या आईचा हंडाच आठवला? मग हे पान पिन मारून का ठेवलंस? या घरात ते उघडं असतं, तर मला स्टुलावर चढताना इतकं खाली खाली वाटलं नसतं.

त्याच पानावर खाली पाच दिवसांचा उपाय होता. खायचा सोडा किती, तो कसा विरघळवायचा, कुठून ओतायचा, मोटार किती वेळ चालू ठेवायची, घाई का करायची नाही. ते मी एका कागदावर उतरवून घेतलं आणि पान होतं तसं परत पिनेनं बंद केलं. तुझी गोष्ट तुझ्यापाशी.

शहागंजच्या बाजारात दुकानदारानं विचारलं, “एवढा सोडा? साऱ्या गावाला भजे तळायले का, वहिनी?” मी म्हटलं, “व्हय, तुम्ही बी या.”

पाच दिवस आम्ही दोघी लागलो होतो. मी बादलीत सोडा विरघळवायची, ती काठानं ओतत फिरायची. तळाचा गाळ यांनी ओढून काढला. संध्याकाळी कोपरापर्यंत हात बुडवून नळी भरायची. हात माझा, थेंब तिचे. पहिल्या दिवशी पिवळा. दुसऱ्या दिवशी पिवळाच, आणि मला वाटलं, आता सोडावंच लागणार. गंमत बघ, आता त्या विचारानं मी उतरवून घेतलेला कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. चौथ्या दिवशी नारिंगी. पाचव्या दिवशी आरोहीनं नळी भिंतीसमोर धरली, हलवून पुन्हा धरली. मग म्हणाली, “पेरू.”

“तुला उपाय कुठं सापडला, मावशी?” तिनं विचारलं.

‘माझ्या आईकडून,’ असं सांगायचा मोह झाला होता. खूप झाला होता. पण मी म्हटलं, “तुझ्या आईनं लिहून ठेवलाय.” तिचा चेहरा असा उजळला की मला पुन्हा तुझा हेवा वाटला. आजही वाटतोय. एक पान वाचून तो जाईल असं समजू नकोस. तू नसताना तिला एवढं हसवतेस, आणि मी असून मला बादल्या उचलाव्या लागतात.

उद्या गवार करेन, तुला आवडते तशी. जायफळही घालणार आहे, चिमूटभर. चिडायचं तर चीड. तुझ्या तुरटीचं कुणाला सांगणार नाही, यांनाही नाही आणि सासूबाईंना तर मुळीच नाही.

आणि तुला शब्द देते. मी या घरात असेपर्यंत ते पाणी कुणी सोडणार नाही. उन्हानं उडेल तेवढं मी भरत राहीन. आरोही हुशार आहे, तिला एक ना एक दिवस सुचेलच. ती विचारेल, मावशी, यात आईनं भरलेलं पाणी आता किती उरलं असेल?

मी सांगेन, सगळं.

तुझी सवत,
सुनंदा