झोक्यावरच्या पोरीची मान

धुळे, ६ मे

ती. दिपमालाताईस, नवलचा सा. न. वि. वि.

मोबाइल फुटलाय, म्हणून पत्र. महिनाभर हायवेवरच्या पंक्चर दुकानात आहे. मालक सुपडूनाना बरे आहेत. त्यांचा पोपट ट्रकवाल्यांना शिव्या देतो, परवा एका ड्रायव्हरनं त्याला... जाऊ दे, तुझ्या कार्टूनचं सांगायचं होतं.

चित्रं मिळाली. पारोळ्याचं घर, कडुनिंब, अक्षय्य तृतीयेचा, आपल्या आखाजीचा झोका, सगळं बठ्ठं शे. मीच तेवढा नाही. तू चौदाची, मी बाराचा, जळगावला जायच्या आधीची ती शेवटची आखाजी. झाडावर चढून दोर मी बांधला, गुडघे माझे सोलले, आणि झोका देतोय कोण, तर आपला आतेभाऊ योगराज. वर अंगात माझा निळा शर्ट! लहानपणी मार्क त्याला, कौतुक त्याचं, आता पिक्चरपण त्याचाच. शिवाय तुझ्या झोक्यावरच्या पोरीची मान चुकलीय. समोर सोडून डावीकडं वाकडी बघते. कॉलेजात हेच शिकवतात का?

आईला नमस्कार. राग आला तरी दोन ओळी लिही.

तुझा नवल

पिंप्राळा, जळगाव, ११ मे

चि. नवल यास अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून आई आधी हसली, मग तू जेवतोस का ते विचारत राहिली. पोपटाची भाषा घेऊन घरी येऊ नकोस, असा तिचा निरोप आहे.

कार्टून नाही रे, ॲनिमेशन फिल्म. दोन मिनिटांच्या झोक्याला चौदाशे चित्रं लागली. महिनाअखेरीस कॉलेजात दाखवायची आहे.

दोर तूच बांधलास. मी खालून विचारलं होतं, "गाठ पक्की शे ना रे?" तू हो म्हणालास, तेवढ्यात गारेगारवाल्याची घंटा वाजली आणि तू त्याच्या सायकलीमागे गेलास. चढताना काढलेला शर्ट योगराजच्या हातात देऊन, उघडाच. अमळनेरपर्यंत. पहिला झोका तू द्यायचा, असं आपलं ठरलं होतं. मी तासभर नुसती बसून राहिले. मग योगराजने झोका दिला.

मान चुकलेली नाही. डावीकडे अमळनेरचा रस्ता आहे.

तुझी ती गाठ मात्र मला चित्रात काढता येत नाही. तेवढी बांधून पाठवशील?

तब्येतीला जप. रुसलास तरी आमचाच आहेस.

तुझी ताई

धुळे, १६ मे

ती. ताईस सा. न.

पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी गारेगार खाल्लंच नाही मी. पैसे शर्टाच्या खिशात राहिले होते. ते योगराजनंच खाल्ले असतील, विचार त्याला.

सोबत दोर आहे, गाठ मारलेला. सोडून बघू नको, परत बसायची नाही.

योगराजला राहू दे. जिवावर येतं, पण झोका त्यानंच दिला. आणि माझी दया येऊन मला रस्त्यावरून पळत येताना काढू नको. मी आलो नव्हतो. पोरीची मान आहे तशी ठेव.

महिनाअखेरीस निघतो. वाटेत कुठं उतरलो नाही तर पोचेन. लोभ आहेच, तो राहू दे. दाराकडं बघत मात्र बसू नको.

नवल