ड्वेनच्या नावे घर, हार्लनच्या नावे ध्वजखांब

मी, ऑरिन टॅकेट, वय वर्षे एक्क्याऐंशी, लाकूडगिरणीत करवतींना धार लावून निवृत्त झालेला, राहणार लॉरेल फोर्क, केंटकी, हे आपखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, मन तेवढं विटलं आहे. विटल्या मनाने मृत्युपत्र करायला कायद्याची हरकत नाही, हे वकिलाला विचारून घेतलं आहे. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम पहिलं. राहतं घर आणि मागची सफरचंदाची झाडं माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा ड्वेन याला द्यावीत. तो सध्या तुरुंगात आहे, वसंतात सुटेल. धाकटा भाऊ हार्लन यावर कोर्टात जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून कारणही नोंदवतो.

आमच्या डोंगरात दारी आलेल्याला पायरीवर ताटकळत ठेवत नाहीत. शेरीफचे दोन शिपाई आले तेव्हा माझ्या बायकोने, लिओटाने, त्यांना आत घेतलं. गिरणीतून तांब्याची तार चोरीला गेली होती आणि त्यांना आमच्याकडे माडीवर राहणाऱ्या ड्वेनचा संशय होता. झडतीचा हुकूम जवळ नव्हता. त्यांच्यातला एक चर्चच्या रविवारच्या शाळेत लिओटाच्याच हाताखाली शिकलेला. दोघांनी तिचा सुक्या सफरचंदांचा केक दोनदा मागून खाल्ला, तिने भरतकाम केलेल्या रुमालाला बोटं पुसली, आणि मग तो विद्यार्थी म्हणाला, "लिओटाकाकू, जरा वर बघून येऊ का?"

"बघा की. पसारा आहे हं," असं म्हणून ती स्वतः पुढे होऊन जिना चढली.

तार सापडली नाही. ड्वेनच्या पेटीत पाठदुखीच्या गोळ्या सापडल्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेतलेल्या. तशा गोळ्या बाळगणं इथे गुन्हा, त्यावरच तो तुरुंगात गेला. हुकुमावाचून झडती कशी, यावर न्यायाधीश म्हणाले, बाईंना नकार द्यायचा हक्क होता, त्यांनी होकार दिला. तो हक्क आहे हे बाईंना सांगायला शिपाई बांधील नाहीत, असंही म्हणाले. त्या वाक्याची मला आजही शिसारी येते. हक्क द्यायचा आणि माणसाला त्याची कुणकुण लागू द्यायची नाही.

लहानपणी शाळेत मिस ट्रास्क आमच्याकडून संविधानातले हक्क कवितेच्या चालीवर पाठ करून घेत. घर, देह, कागदपत्र, चीजवस्तू, कशाचीच विनाकारण झडती नाही... खिडकीबाहेर पानगळ चाललेली असे आणि त्या ओळी मला सगळ्यांत गोड वाटत. कोर्टात बसल्यावर कळलं की त्या नुसत्या गोडच होत्या.

कलम दुसरं. लिओटाच्या नावे द्यायला तिच्या पश्चात काही उरलं नाही. "मीच त्यांना वर नेलं, ऑरिन," एवढंच ती शेवटच्या हिवाळ्यात बोलत राहिली. तिचा काडीचाही दोष नव्हता, हे इथे लेखी असावं. तिच्या थडग्याच्या दगडावर मजकूर घालताना या कलमाचा आधार घ्यावा.

कलम तिसरं. कानशी, शिकंजा आणि करवती ड्वेनलाच. कवितांची पुस्तकं शेजारीण एव्हा कोम्ब्सला. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तिचंच. ती पुस्तकं वाचणार नाही, पण भिजूही देणार नाही.

कलम चौथं. लिओटाच्या दफनानंतर जेवताना हार्लन सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय जातं?" त्याला अंगणातला ध्वजखांब मिळावा, दुसरं काही नाही. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, छातीवर हात ठेवून उभं राहायला त्याला त्याची गरज पडते.

कलम पाचवं. हे सगळं मी ड्वेनला तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मामा, नको मला ते घर. तिथले लोक मला जगू देणार नाहीत. हार्लनमामाला देऊन टाक."

मी म्हटलं, "आधी घे. मग नको म्हण. तो हक्क आहे तुला, सांगून ठेवतो."

तो पहिल्यांदाच हसला. मग म्हणाला, "बरं, घेतो."

म्हणून या घरावर मी कुठलीही अट घालत नाही. त्याने त्यात राहावं, विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप लावून निघून जावं. एव्हाने, वकिलाने, न्यायालयाने वा कोणा नातलगाने त्याला त्याचं कारण विचारू नये.

स्थळ: लॉरेल फोर्क. दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९.

सही: ऑरिन टॅकेट

ऑरिन यांनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर:
क्लेटस न्यूसम
व्हर्डी स्लोन