उकिरड्यावरची अंडी

फय्याज,

२००८ साली तुझ्या नानीनं शिरपूरहून बदकांची जोडी दिली, तेव्हापासून तुले सांगत आली, की कोंबडीखाली ठेवलेली बदकाची अंडी कोंबडीच्या अंड्यांहून आठवडाभर उशिरा फुटतात. नर बदकाले कुत्र्यानं नेलं, त्या वंशाची हीच शेवटची अंडी होती. तरी "सडली" म्हणून तू उकिरड्यावर फेकलीस! मले काहून विचारलं नाही?

एकच शाबूत सापडलं. कानाशी धरलं तर आत टकटक होती. कोंबडीखाली परत ठेवलं आहे. हात लावशील तर याद राख. पाणी तेवढं शिंपड.

मी किन्हीराजा गावाले तुझ्या खालाकडे नर मागायले चालली. मादी दारात ओरडून राह्यली. कोंबडी मात्र रिकाम्या टोपलीतूनही उठली नव्हती. भाकर केली नाही. त्या कोंबडीजवळ बसून सबुरी शिक.

अम्मी