शिडाचा जुना दोर

बाबूजी, नावेच्या शिडाचा दोर मी बदलला. मी, तुमच्या सुनेनं नाही. आधी एवढं ऐकून घ्या, बाकीचं मग. तुम्हाला जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, पण दोर तुमचाच चालला होता. काठीच्या शेंड्यावरच्या पुलीत घासून घासून तो पार पिंजला होता. नाव अजूनही तीच चालवते, एखाद्या जोराच्या वाऱ्यात शीड धाडकन तिच्या डोक्यावर आलं असतं.

लहानपणी तुम्ही मला एकदाच इटियाडोह धरणात नेलं. ढिवरांकडून घेतलेली जुनी नाव, ताडपत्रीचं शीड, आणि मी तुमच्या धोतरावर ओकलो. काठावर येऊन तुम्ही चारचौघांत म्हणालात, "हा पोट्टा पाण्याचा नाही, दुकानात बसवा याले." बसलो. केशोरीत बी-खताचं दुकान टाकलं, धानाच्या बांध्याही सांभाळल्या. त्याचं मला काही वाटलं नसतं. पण माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात जेवता जेवता तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलंत, "पोहता येते का व बाई?" ती वैनगंगेकाठची. भाताची पेज काढता काढता आतून म्हणाली, "येते, मामाजी." दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून नावेत, तुम्ही सुकाणूवर, आणि मी धरणाच्या पाळीवर बसलेला. बायको दुसऱ्या कुणाकडे बघते म्हणून लोक जळतात. मी बायकोवरच जळत होतो, ते बापापायी! कोणाला सांगू? लोकांनी दात काढले असते. माझ्याशी तुमचं बोलणं युरियाच्या पोत्यांपुरतं, आणि तुम्हा दोघांचं हसणं पाण्यावरून थेट पाळीपर्यंत यायचं.

दोर बदलायचंही तिलाच शिकवलंत, नाव पाळीशी लावून. जुना आधी काढायचा नाही. त्याच्या टोकाला नव्याचं टोक भिडवून दोऱ्यानं शिवायचं. मग जुना हळूहळू ओढायचा, की त्याच्यामागे नवा पुलीतून जातो. "गाठ नोको मारू बाई, वर अटकन," तुम्ही सांगत होता, "अन् मधातच सुटला तर काठी पाडा लागन." मला कोणी सांगितलं नव्हतं. पण जळणाऱ्याची नजर मोठी बारीक असते, बाबूजी. पाळीवर बसून एकेक टाका मी पाठ केला होता.

गेल्या आठवड्यात ती माहेरी लग्नाला गेली. मी भरदुपारी दुकान बंद केलं, गोंदियाहून आणून ठेवलेला दोर घेतला आणि नावेत बसलो. शिवण पुलीशी आली आणि अडली. मेलो, म्हटलं. जरा ढील दिली, पुन्हा ओढला, आणि गेली! मी एकटाच नावेत ओरडलो. नाव काठाला बांधलेली होती म्हणा, पण ओकलो नाही.

ती परत आली. दोर एकदा वर, एकदा खाली ओढून बघितला.

"अजी, कोनं शिकवलं तुमाले?"

"कोनी नाही."

"बराबर घातला. जुना कुठी हाय?"

"फेकला."

"कायले फेकला? मामाजीचा हात होता त्याच्यावर!" एवढं बोलून ती नावेत मटकन बसली आणि मोठ्यानं रडली. तुमच्या दहाव्यालाही मला असं रडता आलं नव्हतं. खरं सांगू? त्या रडण्याचाही मला हेवा वाटला.

हा कागद तुमच्यापर्यंत येणार नाही, म्हणूनच लिहितो. दोर फेकलेला नाही. दुकानात पोत्यांच्या मागं लपवला आहे, आणि ती काठाकाठानं शोधून राहिली आहे. गिऱ्हाईक नसलं की मी तो काढून हातात घेतो. ओढून ओढून जिथं तो चपटा झालाय, तिथं तुमच्याइतकाच तिचाही हात घासला आहे, हे मला कळतं. तरी मी देऊन नाही राहिलो.