बत्तीस क्लिक

५ जानेवारी, रविवार

हितेंद्रला मारलं! गाडीनं नाही — हातानं.
सोनगीरच्या माळावर क्लबची शर्यत होती, एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. प्रत्येक वळणाला माझी गाडी कलंडायला आली. चार सेकंद मागे पडलो. तर हा सगळ्यांसमोर विचारतो, "प्रेमराज, गाडी शे का पाळणा?" कानाखाली दिली. ओठ फुटला त्याचा. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू!
माझ्या लाल टर्बोत दम आहे, पाय लटके आहेत. ९ फेब्रुवारीला पुन्हा शर्यत. तोवर सस्पेन्शन बदलणार. उंची आणि कडकपणा दोन्ही हवं तसं फिरवता येतं, तसलं.

८ जानेवारी

परदेशी सेटचं नावच काढायला नको. तेवढ्यात दुसरी जुनी गाडी येईल. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची — फुकट, आणि शुद्ध गाढवपणा. तिसरा सेट स्वस्त आहे, पण त्यात फक्त उंची बदलते. धुळ्याचे छगनभाऊ मेकॅनिक म्हणाले, एका गिऱ्हाइकानं काढून ठेवलेला सेट आहे, बत्तीस क्लिकचा, म्हणजे कडकपणाची खुंटी बत्तीस टप्प्यांत फिरते. शून्य म्हणजे मऊ, बत्तीस म्हणजे दगड. हाच पाहिजे!
जेवताना रत्नाला सांगितलं. म्हणाली, "आते शे ते काय वाईट शे?" ताट भिरकावलं. भिंतीवर वरणाचा डाग पडला. बायकोला काय कळतं सस्पेन्शनमधलं?

११ जानेवारी

विशेष काही नाही. रत्ना सकाळपासून गप्प.

१४ जानेवारी

जळगावहून धुळ्याला गेलो. सेट पाहिला. छगनभाऊ म्हणाले, "वापरेल सेट शे. ले, पन तेल गळस का ते पहिले देख." दांड्यावरून बोट फिरवलं. कोरडं! स्क्रूच्या चुड्याही शाबूत. घेतला.
परत येताना एका ट्रकवाल्यानं कट मारला. पारोळ्याच्या पुढे त्याला गाडी आडवी घातली, कॉलर धरून खाली ओढला. माझा बाप शोभेल एवढा होता. हात जोडले त्यानं. तरी एक दिलीच.

२३ जानेवारी

बसवलं! चाक आणि पत्रा यांत फक्त दोन बोटं. काय दिसते गाडी!
छगनभाऊ म्हणाले, "पहिले मऊ ठेव. मंग एकेक क्लिक चढाव. चारीबी बठ्ठं कडक करशी ते चाक जमीन सोडी." हो हो म्हटलं, आणि गल्लीबाहेर येऊन चारही बत्तीसवर नेले. आपल्याला लटकं काही चालत नाही.

२५ जानेवारी

रत्नाला शेजारी बसवून चक्कर मारली. गतिरोधकावर तिचं डोकं छताला आपटलं. "हळू चालवा ना, मन्ही पाठ दुखस." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा गिअर बदलता बदलता डाव्या हातानं एक ठेवून दिली. हलकीच. मग वळणावर गाडी अशी चिकटली म्हणता, वा!

२९ जानेवारी

विशेष काही नाही. पुढचे तीसवर करून पाहिले. पुन्हा बत्तीस.

२ फेब्रुवारी

विशेष काही नाही. ऊन तापायला लागलं आणि ही लांब बाह्यांचं ब्लाउज घालून फिरते.

९ फेब्रुवारी, रविवार

हरलो. तिसऱ्या वळणावर चाकोरी होती. गाडी उडाली — चाकांनी खरंच जमीन सोडली — आणि थेट बाभळीत. हितेंद्र पहिला.
रत्नाचं माहेर सोनगीरलाच, म्हणून ती तिच्या वडिलांबरोबर, नानांबरोबर, बघायला आली होती. माझ्याकडे बघून हसली. हसली असं मला वाटलं. पाना हातातच होता. तिच्या मनगटावर बसला. आवाज आला.
नानांनी तिचा दुसरा हात धरला. तिला घेऊन गेले.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. तो आवाज कानातून जात नाही. मला लाज वाटते. हे लिहायलाच तीन दिवस लागले.
छगनभाऊंकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "तुले गाडी समजस. बस, तेवढंच." मारावंसं वाटलं. हात खिशात घातले.
चारही क्लिक उलटे फिरवले. बत्तीसवरून शून्य. उंची चार बोटं. सोनगीरचा रस्ता खराब आहे, तिच्या हाताला हिसका बसायला नको.

१६ फेब्रुवारी, रविवार

सोनगीरला नानांच्या घरी गेलो. रत्ना ओट्यापर्यंत आली. हात प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, गाडी एकदम मऊ केलीय, शून्यावर, बसून तर बघ.
"माले तुन्ही गाडीमा नही बसनं," ती म्हणाली. "तू क्लिक मोजस ना? मी बी मोजी ठेयेल शे. पाच."
मला तू म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच. मग पाचही तारखा सांगितल्या.
घरी येऊन ही वही उलटून पाहिली. इथल्या पानांवर त्यातल्या दोनच आहेत. बाकीच्या तीन तारखांना मी लिहिलंय — विशेष काही नाही.